घरगुती गॅसवाहिनी : साहित्य, जोडणी आणि दक्षता

कोकणच्या किनाऱ्यावरील दाभोळ येथून निघालेली नैसर्गिक वायूची वाहिनी सह्याद्री ओलांडून कोल्हापूर, बेळगाव व धारवाड या जिल्ह्यांतून पुढे बंगळूरकडे जाते. सुमारे एक हजार किलोमीटर लांबीची ही वाहिनी २०१३ साली कार्यान्वित झाली. दाभोळला हा वायू जहाजांतून द्रवरूपात उतरवून घेतला जातो, तसाच तो गुजरातेतून पनवेलमार्गे येणाऱ्या वाहिनीनेही पोहोचतो. धारवाड जिल्ह्यात तो घरोघरी देण्याचे काम इंडियन ऑईल-अदानी गॅस या कंपनीकडे सोपविण्यात आले आहे. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतील घरांच्या बाह्य भिंतींवर पिवळे नळ दिसू लागले ते यामुळेच.

मुख्य वाहिनी पोलादाची असते. तिच्यावर अभियंत्यांची देखरेख असते, ठिकठिकाणी झडपा असतात, गस्त असते. परंतु वायूच्या या दीर्घ प्रवासातील अखेरचे दहा-पंधरा हात हे गृहस्थाच्या स्वतःच्या घरात असतात. तेथे अभियंता नसतो. तेथे असतो तो घरमालक, त्याने बोलाविलेला गवंडी, ओट्याखाली कपाटे बसविणारा सुतार आणि पाण्याच्या नळाबरोबर गॅसचा नळही ‘जाता जाता’ सरकवून देऊ म्हणणारा कारागीर. घरगुती गॅसवाहिनीची सुरक्षितता ठरते ती या अखेरच्या टप्प्यात. हा टप्पा डोळ्यांना दिसेल असा, हाताला लागेल असा आणि अधिकृत तंत्रज्ञाखेरीज इतर कोणी न छेडलेला असावा, ही त्यामागील मुख्य अपेक्षा होय.

दाब थोडा, धोका साठण्याचा

शहरातील रस्त्याखालून वायू साधारणतः चार बार दाबाने वाहतो. घराजवळ येताच दाबनियंत्रक तो उतरवितात आणि शेगडीपाशी तो केवळ २१ मिलिबार एवढाच उरतो. वीतभर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच हा दाब. फुगा फुगविणारे मूल याहून अधिक जोर लावीत असते. त्यामुळे ‘एवढ्याशा दाबाने काय होणार’ असा समज सहज होतो. परंतु घरातील वायूचा धोका त्याच्या दाबात नसून त्याच्या साठण्यात आहे.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. हवेत त्याचे प्रमाण सुमारे पाच टक्के झाले की ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते. पंधरा टक्क्यांच्या वर गेले की पुन्हा पेटत नाही. शाळेतील विद्यार्थ्यांना सोडविता येईल असा हा हिशेब आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा स्वयंपाकघरात सुमारे साडेबावीस घनमीटर हवा मावते. तिचे पाच टक्के म्हणजे एक घनमीटरहून थोडे अधिक. शेगडीचा एक मध्यम बर्नर तासाला घनमीटरचा साधारण पाचवा हिस्सा वायू सोडतो. म्हणजे न पेटविलेली एक कळ दारे-खिडक्या बंद असताना रात्रभर उघडी राहिली, तर सकाळचा दिवा लावण्यापूर्वीच खोली धोक्याच्या पातळीवर पोहोचलेली असते. प्रत्यक्षात वायू सर्वत्र सारखा पसरत नाही, तो वर छताशी साठतो. त्यामुळे छताखालच्या थरात ही पातळी कितीतरी आधी गाठली जाते.

सिलिंडरातील वायूचा हिशेब याहून कडक आहे. तो सुमारे दोन टक्क्यांनाच पेट घेऊ शकतो. त्याच खोलीत त्यासाठी १४.२ किलोच्या सिलिंडरातील किलोभर वायू पुरेसा होतो.

या दोन वायूंतील आणखी एक भेद गृहिणींनी अवश्य लक्षात घ्यावा. सिलिंडरातील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि ओट्याखालच्या कपाटात दबा धरून बसतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा बराच हलका. तो वर चढतो आणि माळ्यावर किंवा शोभेच्या छताच्या पोकळीत अडकतो. सिलिंडर वापरणाऱ्या घरात म्हणूनच हवा खेळण्याची वाट जमिनीलगत हवी, नळाचा वायू घेणाऱ्या घरात ती छतालगत हवी. कित्येक वर्षे सिलिंडर वापरून नळजोडणी घेणाऱ्या घरांत खालची जाळी असते, पण वरचा झरोका उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र बसविताना बुजविलेला असतो. तो पुन्हा मोकळा करणे हे जोडणीपूर्वीचे पहिले काम होय. मंगलोरी कौलांच्या जुन्या घरांना ही अडचण सहसा येत नाही; नव्या पद्धतीच्या घट्ट खिडक्यांच्या सदनिकांना ती हमखास येते.

जड वायू बंद खोलीत काय करू शकतो, हे हुबळीकरांना वेगळे सांगावयास नको. डिसेंबर २०२४ मध्ये उणकल भागातील अच्चव्वा कॉलनीत मंदिराच्या खोलीत झोपलेले नऊ अय्यप्पाभक्त सिलिंडरातून गळलेल्या वायूने पेट घेतल्यामुळे होरपळले आणि त्यांपैकी आठ जण पुढील काही दिवसांत एकामागून एक दगावले. ज्या खोलीत सिलिंडर आहे त्या खोलीत कोणीही झोपू नये. तेथे समई, निरांजन किंवा उदबत्ती रात्रभर तेवत ठेवू नये. देवघर आणि स्वयंपाकघर एकाच खोलीत असलेल्या घरांनी तर हे विशेष जपावे.

वास कोठून आला?

शुद्ध नैसर्गिक वायूला रंग नाही आणि वासही नाही. कुजक्या कोबीसारखा जो उग्र दर्प येतो, तो मर्कॅप्टन वर्गातील गंधद्रव्य हेतुपुरस्सर मिसळल्यामुळे. या रीतीमागे एक दारुण इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावी शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत वायू गळून साठत होता. शाळेने खर्च वाचविण्यासाठी तेलक्षेत्रातून जाणाऱ्या वायूच्या नळाला आपली जोडणी करून घेतली होती. त्या वायूला वास नसल्यामुळे कोणालाच काही कळले नाही. कार्यशाळेतील विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर टेक्सासमध्ये वायूत गंधद्रव्य मिसळण्याचा कायदा झाला आणि ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. घरात असा दर्प आला असता उदबत्ती लावून तो घालविण्याची सवय किती घातक आहे, हे शिक्षकांनी वर्गात समजावून द्यावे, ते याकरिता.

काळ्या मातीखालची वाहिनी

धारवाडच्या पश्चिमेस मलनाडची तांबडी, मुरमाड जमीन आणि पूर्वेस हुबळीच्या अंगाला काळी कापसाची जमीन, असा या परिसराचा भूगोल आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, चैत्र-वैशाखात भेगाळते. तिच्यात पुरलेला ताठ नळ दरवर्षी ओढला-ढकलला जातो आणि ओलाव्याने गंजतो. गल्लीबोळांतील वाहिनीसाठी म्हणूनच मध्यम घनतेच्या पॉलिएथिलीनचा नळ वापरतात. आयएस १४८८५ या भारतीय मानकानुसार तो बनविलेला असतो. तो लवचीक असतो, त्याला गंज चढत नाही आणि त्याचे तुकडे वितळवून एकजीव करता येतात. जोडावयाची टोके खरवडून स्वच्छ करावयाची, आत तारेचे वेटोळे असलेला जोडतुकडा त्यांवर चढवावयाचा आणि ठरावीक काळ वीज सोडावयाची, म्हणजे नळ व जोडतुकडा वितळून एक होतात. हे काम चिखलात, भर पावसात किंवा घाईने केले तर सांधा वरून धड दिसतो आणि आतून कच्चा राहतो. सांधा थंड होईपर्यंत नळ न हलविणे हाही कामाचाच भाग आहे. वाट पाहणारा कामगार आळशी नव्हे.

हा नळ सुमारे एक मीटर खोल, वाळूच्या थरावर ठेवतात आणि त्याच्या वर काही अंतरावर पिवळी इशारापट्टी अंथरतात. खोदताना पिवळी पट्टी लागली की पहार तेथेच थांबली पाहिजे. पाणी, सांडपाणी, दूरध्वनी अशा अनेक कारणांनी शहरांतील रस्ते वारंवार खणले जातात आणि यंत्राच्या एका फटक्याने वायूचा नळ तुटू शकतो. खोदकामापूर्वी संबंधित वाहिन्यांच्या मालकांना कळविता यावे म्हणून केंद्र शासनाने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे भ्रमणध्वनी-ॲप सुरू केले. नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या अधिकाऱ्यांनी खोदकामाचा परवाना देताना ठेकेदाराने ही चौकशी केली आहे की नाही, हे पाहावे.

पॉलिएथिलीनचा नळ जमिनीखालीच शोभतो. उन्हाने तो ठिसूळ होतो आणि आगीत वितळतो. म्हणून जमिनीतून वर येताच त्याची जागा लोखंडी नळाने घेतली पाहिजे.

आटे, ताग आणि पितळी चाकी

घराच्या भिंतीवरून जाणारा नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, आयएस १२३९ या मानकाचा आणि जाड वर्गाचा असावा. पाण्यासाठी मिळणारा पातळ नळ स्वस्त पडतो खरा, परंतु आटे पाडल्यावर त्याची भिंत आणखी पातळ होते आणि नळ नेमका आट्यांपाशी दगा देतो. काही ठिकाणी घरात तांब्याचा नळ वापरतात. त्याचे सांधे उच्च तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेले असावेत. रेडिओ-दुरुस्तीच्या कथिलाने डाग दिलेला सांधा आगीच्या पहिल्या झळीलाच सुटतो. पाण्याचा प्लास्टिकचा नळ, बागेची हिरवी नळी किंवा पारदर्शक नळी यांना गॅसच्या कामात अजिबात स्थान नाही.

खरी कसोटी सांध्याची. पाण्याचे काम करणारे कारागीर आट्यांवर ताग गुंडाळून वर सफेदा चोपडतात. पाण्याच्या बाबतीत ही युक्ती उत्तम आहे, कारण ओला ताग फुगतो आणि फट बुजवितो. नैसर्गिक वायू मात्र कोरडा असतो. तो तागातील ओलावा शोषून घेतो, ताग आकसतो आणि आज घट्ट असलेला सांधा काही महिन्यांनी गळू लागतो. इंग्लंडने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. १९६७ ते १९७७ या दशकात त्या देशाने दगडी कोळशापासून बनविलेला दमट वायू सोडून समुद्रातील कोरडा नैसर्गिक वायू स्वीकारला, तेव्हा जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतील ताग सुकून गळतीचा उपद्रव सुरू झाला. मुंबईतही एके काळी कोळशाचा वायू नळाने पुरविला जात असे. लालबागची गॅस कंपनी गल्ली त्याची आठवण अद्याप जपून आहे. त्या काळच्या रीती आजच्या वायूला लागू पडत नाहीत. आज गॅसच्या आट्यांवर हवाबंद होताच कठीण होणारे विशिष्ट रसायन किंवा गॅससाठीच बनविलेली फीत वापरतात. कारागिराच्या पिशवीत तागाची लडी दिसली, तर काम थांबवून चौकशी करावी.

सुट्या भागांच्या बाबतीत काटकसर किती महागात पडते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण लंडनचे आहे. रोनन पॉइंट ही बावीस मजली इमारत १९६८ साली नुकतीच राहती झाली होती. १६ मे रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील रहिवासी स्त्रीने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. ती बचावली, पण भिंती बाहेर फेकल्या जाऊन इमारतीचा संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार जण ठार झाले. चौकशीत आढळले ते असे की, शेगडीची नळी मुख्य नळाला जोडणारी पितळी चाकी निकृष्ट होती. इमारतीच्या रचनेतही दोष होता, हे खरे. परंतु वायू गळला तो तळहातावर मावणाऱ्या त्या चाकीतून.

लपविलेला नळ

घराच्या शोभेसाठी नळ भिंतीत गाडण्याचा आग्रह धरणारे गृहस्थ आज पुष्कळ आहेत. नव्या बांधणीच्या ओट्याखाली कपाटांची रांग बसविली की पिवळा नळ डोळ्यांत खुपतो आणि मग त्यावर गिलावा होतो किंवा फळी येते. याचे परिणाम दुहेरी असतात. ओलसर चुना-सिमेंट नळाला आतल्या आत खाते. आणि गळती झाली तर वायू खोलीत न येता भिंतीच्या पोकळीत साठतो, म्हणजे वासाचा इशाराही मिळत नाही. शिवाय काही वर्षांनी त्या भिंतीवर चित्र टांगण्यासाठी छिद्र पाडणाऱ्याला आत नळ आहे, हे कसे कळावे?

नळ भिंतीबाहेरून, पकडींच्या आधाराने न्यावा. भिंत ओलांडताना तो मोठ्या व्यासाच्या बाह्यनळीतून काढावा. विजेच्या तारा व बटणे यांपासून तो किमान वीतभर दूर असावा आणि विजेच्या भूसंपर्कासाठी त्याला तार बांधू नये. कपडे वाळविण्याची दोरी त्याला बांधलेली अनेक घरांत दिसते, तीही काढावी. मीटर मोकळ्या हवेत असावे. कपाटात बसवावेच लागले, तर दाराला झरोके ठेवावेत. शेगडीजवळची झडप मात्र कशाच्याही आड नको. तिची दांडी नळाच्या रेषेत असेल तर वायू चालू, आडवी असेल तर बंद, ही खूण घरातील लहान मुलांनाही ठाऊक हवी.

झडपेपासून शेगडीपर्यंतची लवचीक नळी हा सर्वांत नाजूक दुवा. ती तारेच्या जाळीने बळकट केलेली, आयएस ९५७३ चा आयएसआय शिक्का असलेली आणि दीड मीटरहून लांब नसलेली असावी. पाच वर्षे झाली की ती वरून कितीही चांगली दिसली तरी बदलावी. तिच्यावर वर्ष छापलेले असते. ती भिंतीतून किंवा कपाटातून नेऊ नये आणि तिला फाटा देऊन दुसरी शेगडी जोडू नये.

शेगडीही बदलावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. सिलिंडरातील वायू तेवढ्याच आकारमानात सुमारे अडीचपट उष्णता देतो, म्हणून त्याच्या शेगडीचे छिद्र बारीक असते. नळाच्या वायूसाठी ते मोठे करावे लागते. असे मोठे छिद्र केलेली शेगडी गावी नेऊन पुन्हा सिलिंडरला जोडली, तर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्वाला उसळतात. भाकरीच्या तव्याखाली ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली की तंत्रज्ञास बोलवावे.

न्हाणीघरातील गॅस-गिझर हा वेगळाच विषय आहे. बंद न्हाणीत त्याची ज्योत प्राणवायू संपविते आणि कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू निर्माण करते. स्नानास गेलेली व्यक्ती हाक न मारताच बेशुद्ध होते. हे यंत्र बाहेर मोकळ्या जागी बसवून केवळ गरम पाणी आत आणावे.

खेड्यातील घरांसाठी

कलघटगी-कुंदगोळकडील किंवा सीमेपलीकडील खेड्यांत नळाचा वायू नसला, तरी गॅसवाहिनी आहेच, ती म्हणजे गोबरगॅसची. तिचा स्वभाव निराळा. हा वायू बाष्पाने भरलेला असतो. नळ थंड झाला की पाणी आत साचते आणि शेगडी धापा टाकू लागते. त्यासाठी नळाला एकसारखा उतार द्यावा आणि सर्वांत खोल जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी. या वायूतील गंधकयुक्त अंश धातूचे भाग कुरतडतो, म्हणून तोट्या दरवर्षी तपासाव्यात. सिलिंडर असलेल्या घरांनी तो सदैव उभा आणि शेगडीच्या पातळीखाली ठेवावा. आडव्या सिलिंडरातून द्रवच नळीत शिरतो.

जोडणीच्या दिवशी आणि गळतीच्या वेळी

नवी वाहिनी सुरू करण्यापूर्वी तिच्यात हवा किंवा नायट्रोजन भरून दाबमापकाची पातळी ठरावीक वेळ स्थिर राहते काय, हे पाहिले जाते. ही चाचणी घरातील जाणत्या व्यक्तीने समक्ष उभे राहून पाहावी, तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यानंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले की गळती. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत ही साबणाची परीक्षा घरच्या घरीही करता येते. काडी ओढून गळती शोधण्याचा ‘अनुभवी’ उपाय सांगणाऱ्याला मात्र स्वयंपाकघरात शिरू देऊ नये.

दर्प आला तर प्रथम पेटती ज्योत विझवावी, झडप आडवी करावी किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण दाबू नये. चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावून वायू घालविण्याचा प्रयत्न याच कारणाने घातक ठरतो. मुलांना व वृद्धांना घेऊन बाहेर पडावे आणि दूरध्वनी बाहेर जाऊनच करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या वायूचा आपत्कालीन क्रमांक पुरवठादार कंपनी जोडणीच्या वेळी देते. तो स्वयंपाकघरात न चिकटविता बाहेरच्या दाराशी, शेजाऱ्यालाही वाचता येईल असा लावावा.